पहिल्यांदा तपासणीला जाताना

लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गांच्या तपासणीबद्दल तू विचारलंस हेच मोठं पाऊल आहे, लाजू नकोस. मी बरीच वर्षं समुपदेशन करतेय. सुरुवातीला सगळ्यात जास्त दिसणारी चूक एकच: "मला काही त्रास नाही, म्हणजे मला काही झालेलं नाही." क्लॅमिडिया हा असाच एक संसर्ग, त्याची लक्षणं बहुतेकांना जाणवतच नाहीत. सिफिलिस (गरमी) या संसर्गाचा पहिला व्रण दुखत नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरतो. माणूस निश्चिंत होतो, पण जंतू शरीरातच असतात. म्हणून लक्षणांची वाट पाहू नकोस; जोडीदार नवा असेल तर दोघंही तपासून घ्या.

दुसरी चूक घाईची. संबंधानंतर दोनच दिवसांनी केलेली एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. प्रयोगशाळेतली अँटिजन-अँटिबॉडी चाचणी (रक्तात विषाणूचा अंश आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी) संबंधानंतर ४५ दिवसांनी भरवशाची ठरते. मात्र असुरक्षित संबंध नुकताच घडला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या संबंधानंतर ७२ तासांच्या आतच सुरू कराव्या लागतात.

आत्ता एवढंच कर:
- कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत. लेटेक्सच्या कंडोमसोबत तेल किंवा व्हॅसलीन नको, तो फाटतो.
- हिपॅटायटिस बी (यकृताचा संसर्ग) आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणारा विषाणू) यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचार.
- मनाने अँटिबायोटिक घेऊ नकोस.

काही निघालंच, तर जोडीदारालाही सांग. एकट्याने औषध घेतलं की संसर्ग पुन्हा फिरून येतो, हे मी फार वेळा पाहिलंय.