लेक लिहिते आहे, लिहू द्या

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. लेक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, एकांकिका लिहिते, पुढे नाटक-सिनेमातच लिहायचं म्हणते. दिवाळीत तिने तुम्हाला विश्वासाने सांगितलं की तिला मुलीच आवडतात. 'हिला काम कोण देईल, पोट कसं भरेल?' हा तुमचा प्रश्न. शिवाय कॉलेजात वाचलेल्या तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली मित्रा, एका मुलीवर प्रेम करणारी नायिका, शेवटी आत्महत्या करते, तो शेवट तुम्हाला झोपू देत नाही.

ते नाटक १९८१ मधलं. तुमच्या मुलीचं आयुष्य त्या संहितेला बांधलेलं नाही. मला आठवते ती फिलिस नॅगी. अमेरिकेत जन्मलेली, उघडपणे लेस्बियन असलेली नाटककार. नव्वदच्या दशकात लंडनला गेली, तिची नाटकं रॉयल कोर्टसारख्या नामांकित थिएटरमध्ये झाली. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये ती वृत्तपत्रासाठी माहिती पडताळायचं काम करायची आणि त्या नोकरीतच तिची लेखिका पॅट्रिशिया हायस्मिथशी ओळख झाली. हायस्मिथने १९५२ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमाची कादंबरी टोपणनावाने छापली होती. त्यातल्या नायिका शेवटी मरत नाहीत, त्या काळात ही मोठीच गोष्ट. नॅगीने त्या कादंबरीवरची पटकथा नव्वदच्या दशकातच लिहायला घेतली. तिच्यावरचा 'कॅरल' हा सिनेमा पडद्यावर आला २०१५ मध्ये! पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं.

मधली ती वर्षं बघा, ताई. खरी अडचण तिथे आहे. पैसे उशिरा येतात, कधी येतच नाहीत, आणि हे या क्षेत्रात सगळ्यांच्याच वाट्याला येतं. म्हणून तिला लिखाणाजवळचं एखादं काम हाताशी असू द्या: भाषांतर, सबटायटल्स, मालिकांचे संवाद. पदवी पूर्ण होऊ द्या. मग पुण्यात एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेचा पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे, नाटकासाठी विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन संहिता नोंदवायची सवय तिला आत्ताच लागू दे. कल्पना नुसती तोंडी सांगून यायचं नाही, हे तिला माझ्यातर्फे बजावून सांगा.

काही ठिकाणी नकार मिळतील, कुजबुज होईल. ते नाकारत नाही. पण ६ सप्टेंबर २०१८ पासून दोन सज्ञान व्यक्तींचं असं नातं या देशात गुन्हा नाही. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे तिचं तिला ठरवू द्या. नातेवाइकांना तुम्ही परस्पर सांगू नका.

तुम्ही तिच्या वहीतली दोन पानं जोडलीत (तिला विचारून जोडली असतील, अशी आशा आहे). एस.टी. स्टँडवर दोन मैत्रिणी. एक शेंगा सोलून दाणे रुमालावर ठेवत जाते, दुसरी एकही उचलत नाही. गाडी लागते, तेव्हा ही दुसरी रुमालाची चारही टोकं बांधून तो पर्समध्ये टाकते. संवाद एकही नाही. वीस वर्षं मुलांचं लिखाण वाचतो आहे; इतकं नेमकं क्वचितच हाती येतं.

तिची एकांकिका पुढच्या महिन्यात स्पर्धेत आहे आणि तुम्ही अजून तालीमही पाहिलेली नाही, असं लिहिलंत. प्रयोगाला जा. तिच्या बाबांनाही घेऊन जा.