व्याज घेणं पाप का मानलं गेलं?

इतक्या धर्मांनी व्याजाला पाप का म्हटलं आणि अर्थशास्त्राशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न आहे.

आधी कर्ज कोण काढत होतं ते बघा. बहुतेकदा अडलेला माणूस: पीक बुडालंय, घरात दाणा नाही. त्याच्या अडचणीतून नफा काढणं हेच पाप. बायबलच्या जुन्या करारात नियम आहे की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्यास्तापूर्वी परत दे, नाहीतर तो रात्री काय पांघरून झोपेल? आणि दळायचं जातं तर गहाण घेऊच नकोस, त्यावर त्याचं पोट आहे. इतका बारीक विचार! मला तरी हे वाचून भरून येतं.

कुराणातही रिबा, म्हणजे व्याज, निषिद्धच. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचा आक्षेप जरा वेगळा: पैसा देवाणघेवाणीसाठी आहे, पैशातून पैसा जन्माला घालणं अनैसर्गिक. ग्रीकमध्ये ‘टोकोस’ म्हणजे अपत्य आणि व्याजही.

पुढे व्यापारासाठी कर्जं निघू लागली, तेव्हा सोळाव्या शतकात ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्विनने गरिबाचं कर्ज आणि व्यापाऱ्याचं कर्ज यांत फरक केला. आधुनिक अर्थशास्त्राचा जनक मानला जाणारा ॲडम स्मिथसुद्धा नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. नैतिक भावनांवरचा त्याचा ग्रंथ १७५९चा, अर्थशास्त्रावरचं ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हे पुस्तक त्यानंतर, १७७६ला आलं. म्हणून अर्थशास्त्राला नीतीशी देणंघेणं नाही, हे मला अजिबात पटत नाही. आजही अनेक देशांच्या कायद्यात कर्जदाराचं अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारं जप्तीतून वगळलेली असतात.