मालवण, दोन मुलं आणि गाडी की रेल्वे?

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याहून मालवणला जायचंय, मुलगा ३ वर्षांचा, मुलगी ६ ची. नवरा म्हणतो कारने जाऊ, पण मुलीला घाटात उलट्या होतात. काय करू?

उत्तर : अगं सरळ रेल्वेने जा, कुडाळला उतर, तिथून मालवणला रिक्षा किंवा एसटी मिळते. कारमध्ये मुलं बांधल्यासारखी बसतात आणि मग रडारड, ट्रेनमध्ये निदान खिडकी आहे, बाथरूम आहे, आणि रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो तो पोरांना जाम आवडतो, आधीच सांगून ठेव म्हणजे एकदम अंधार झाला की घाबरणार नाहीत. ५ वर्षांखालच्याला तिकीट नाही पण बर्थही नाही, मुलीला वेगळा बर्थ हवा तर पूर्ण तिकीट, नको असेल तर अर्धं. माझं ऐक, बर्थ घेच, अर्ध्या तिकिटाची बचत रात्री अंगावर येते. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीत पटकन भरतं, तेव्हा लवकर उठ.

खायला दशम्या, केळी, चुरमुरे, उलटीसाठी पिशव्या हाताशीच. औषध मात्र मुलांच्या डॉक्टरला विचारूनच दे. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी सकाळी कर, दुपारी ऊन सोसत नाही, आणि मुलांना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नकोस, होडीवाला काहीही म्हणो. नवऱ्याला गाडी चालवायचीच हौस असेल तर कुडाळहून भाड्याने घेऊ दे!