स्पर्धा परीक्षेतल्या विधान-निष्कर्षाच्या प्रश्नात ‘काही’ आलं की उत्तर हमखास चुकतं. काय करावं?

‘काही’ म्हणजे किमान एक. सगळेही असू शकतात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

समजा, सर्व हळद-व्यापारी सांगलीकर आहेत. काही सांगलीकर पैलवान आहेत. निष्कर्ष: काही व्यापारी पैलवान आहेत. चूक! (खऱ्या सांगलीत असतीलही, पण पेपरात फक्त दिलेली विधानं.) व्यापाऱ्यांचं वर्तुळ सांगलीकरांच्या आत काढा, पैलवानांचं सांगलीकरांना छेदणारं, पण व्यापाऱ्यांना न शिवणारं. अशी एक आकृती जमली की निष्कर्ष पडला. ‘शक्यता आहे’ असं विचारलं तर उलट, एक जुळणारी आकृती पुरते.

‘काही व्यापारी पैलवान आहेत’ आणि ‘एकही व्यापारी पैलवान नाही’ ही जोडी निष्कर्ष १ आणि २ म्हणून दिली असेल आणि दोन्हींपैकी एकही सिद्ध होत नसेल, तर उत्तर ‘१ किंवा २’, कारण दोन्हींपैकी एक खरा असतोच.