धनगरांच्या वाड्यामागे जायचे, तर कॅमेरा कोणता?

सविनय नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. मुलगी साताऱ्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकते आहे, दिवाळीनंतर माण तालुक्यातून कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर (मेंढरे घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांच्या तांड्यावर) तिला माहितीपट करायचा आहे आणि त्यासाठी ती व्यावसायिक एचडी कॅमकॉर्डर (खास चित्रीकरणासाठीचा व्हिडिओ कॅमेरा) मागते आहे. तिच्या मैत्रिणी लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा सुचवतात, दुकानदार फोर-केशिवाय (एचडीहून अधिक बिंदूंच्या चित्राशिवाय) बोलत नाही, आणि गावात लग्नाचे शूटिंग करणारे गृहस्थ आपला जुना कॅमकॉर्डर देऊ करतात. तिच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेली दोन लाखांची मुदत ठेव मोडावी का, असे आपण विचारता. ‘यंत्र घेतले आणि हौस फिटली तर?’ हे वाक्य आपण अगदी शेवटी लिहिले आहे, पण सारे पत्र त्याच काळजीतून आले आहे असे मला वाटले.

माझे मत आधी सांगतो. ठेव आत्ता मोडू नये. मात्र मुलीने मागितलेली वस्तू चुकीची नाही. तिने तिच्या विषयाला साजेसेच यंत्र निवडले आहे, हे आपण तिला जरूर सांगावे.

वाडा एकदा चालू लागला की कोणासाठी थांबत नाही. घोड्यावर बिऱ्हाड लादले जात असते, त्याच वेळी पन्नास पावलांवर एखादा मुलगा चुकलेले कोकरू खांद्यावर घेऊन येत असतो, आणि ही दोन्ही दृश्ये टिपणारी व्यक्ती बहुधा एकटीच असते. मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) मोठा असतो, चेहऱ्यामागचे सारे धूसर होऊन चित्र देखणे दिसते आणि चुलीच्या उजेडातही तो चांगले काम करतो, हे खरे आहे. पण लेन्स बदलण्याइतका वेळ तिथे मिळत नाही, आणि मेंढरांच्या खुरांनी उडालेल्या धुळीत लेन्स काढणे म्हणजे सेन्सरवर माती घेणे आहे. कॅमकॉर्डरमध्ये लांब पल्ल्याची झूम लेन्स कायमची बसवलेली असते, तो तासन् तास हातात धरता येतो, आणि फोकस, आयरिस (लेन्समधले उजेड आत घेणारे, लहानमोठे होणारे छिद्र) व आवाज यांची नियंत्रणे बाहेरच बोटांखाली असतात. उदाहरणच हवे असेल तर सोनीचा २०१७ साली आलेला पीएक्सडब्ल्यू-झेड९० पाहावा: एक इंची म्हणवला जाणारा सेन्सर (प्रत्यक्षात त्याची रुंदी सुमारे १३ मिलिमीटर असते), बारा पट झूम, व्यावसायिक माइकसाठी दोन एक्सएलआर जोडण्या आणि दोन कार्डांची सोय. हाच घ्यावा असा माझा आग्रह नाही. पण ज्यात या सोयी नाहीत, तो व्यावसायिक कॅमकॉर्डर म्हणून घेऊ नये.

यातली आणखी एक सोय दुकानात फारसे कोणी समजावून सांगत नाही, ती म्हणजे अंगचा एनडी फिल्टर, अर्थात प्रकाश कमी करणारी काच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवले की ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही आणि चालणाऱ्या माणसाची हालचालही डोळ्याला स्वाभाविक वाटते. आता हेच शटर ठेवून माणच्या भर दुपारच्या उन्हात उभे राहिले, तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १०० धरूनही आयरिस एफ/२२ पर्यंत (आकडा मोठा, तेवढे छिद्र लहान) मिटवावी लागेल, आणि इतक्या लहान सेन्सरवर तसे चित्र मऊ, धुरकट होते. १/६४ चा एनडी फिल्टर प्रकाश सहा स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी करतो, आणि तीच आयरिस एफ/२.८ पर्यंत मोकळी होते. कॅमकॉर्डरवर यासाठी एक खटका सरकवला की काम होते. मुलीने पहिल्या दिवशी हाच खटका न बघता बोटाने सापडेपर्यंत सराव करावा.

फोर-केचा विचार सध्या बाजूला ठेवावा. एचडीचे चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचे असते, आणि चित्रपटगृहातले टू-के प्रक्षेपण २०४८ बाय १०८०, म्हणजे त्याहून थोडेसेच रुंद. बिंदू वाढवण्यापेक्षा रंगाची खोली पाहावी. आठ बिट नोंदीत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, दहा बिटमध्ये १०२४. पहाटेचे धुके आणि फिकट आभाळ जिथे वारंवार येणार, तिथे हा फरक एडिटिंगच्या टेबलावर लगेच कळतो. शिवाय साठवणुकीचा खर्च आहेच. सेकंदाला ५० मेगाबिट दराने एका तासाचे चित्रण साडेबावीस जीबी होते. चाळीस तास चित्रण झाले, आणि माहितीपटात ते सहज होते, तर ९०० जीबी. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर हव्यातच. हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीबरोबरच मांडावा.

आवाजाबद्दल मात्र मी थोडे अधिक लिहिणार आहे. तरुणपणी मी एका खेड्यात ओव्या म्हणणाऱ्या एका आजींचे चित्रण केले होते. हेडफोन बरोबर होता, पण तो लावला नव्हता. त्यांच्या पदराला कॉलर माइक नीट लावलेला होता, आणि कॅमेऱ्याचे बटण मात्र अंगच्या माइकवरच राहिले होते. घरी येऊन पाहिले तर दीड तास चेहरा स्वच्छ दिसतो आहे आणि ऐकू येतो आहे तो फक्त अंगणातला वारा. पुन्हा जाईपर्यंत आजी गेल्या होत्या. त्या ओव्या आज कुठेही नाहीत, याची टोचणी मला अजून आहे. म्हणून सांगतो, आपल्या रकमेतला पहिला वाटा चांगला गन माइक (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा), त्यावरचे केसाळ वाराआवरण, कॉलर माइक आणि बंद कपांचा हेडफोन यांच्यासाठी काढावा. एक्सएलआर जोडणीतून माइकला ४८ व्होल्ट वीज मिळते. ती चालू आहे ना आणि आवाज कोणत्या चॅनेलवर येतो आहे, हे प्रत्येक मुलाखतीआधी कानाने तपासण्याची सवय लागली, तर निम्मे शिक्षण झाले असे समजा.

गावातल्या गृहस्थांचा कॅमकॉर्डर टेपवर चालणारा असेल तर नम्रपणे नाही म्हणावे, कारण त्यातले चित्रण संगणकात घेण्यासाठी लागणारी फायरवायर ही जोडणी आता नव्या संगणकांत मिळत नाही. कार्डावर चालणारा असेल तर विचार करण्यासारखा आहे. मेनूमध्ये वापराचे तास पाहावेत, लेन्सला टॉर्च लावून आत बुरशीचे जाळे नाही ना ते पाहावे, लेन्स झाकून चित्रण करून पडद्यावर कायम पेटलेला ठिपका दिसतो का ते तपासावे, आणि दोन्ही एक्सएलआर जोडण्या माइक लावून ऐकाव्यात.

आता हौसेच्या प्रश्नाकडे येतो. दादासाहेब फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले आणि विल्यमसन कॅमेरा आणला, हे आपण ऐकले असेल. पण तो आल्यावर त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस टिपली आणि ती दाखवून भांडवल उभे केले. आपल्या मुलीनेही आपल्यासमोर असेच एक रोप ठेवावे. पावसाळ्यात वाडे गावाकडेच असतात. दोन दिवसांसाठी कॅमकॉर्डर, ट्रायपॉड आणि माइक भाड्याने आणून तिने एकाच कुटुंबाचा एकच दिवस टिपावा आणि स्वतः एडिट करून पाच मिनिटांचा माहितीपट करावा. तो आपण घरात बसून पाहावा. पाहताना तिने मध्येच काही समजावून सांगायचे नाही. ते कुटुंब आपल्याला ओळखीचे वाटू लागले, तर ठेवीतून नव्हे, पण सोसेल तेवढ्या रकमेतून जुना चांगला कॅमकॉर्डर घेण्यास माझी हरकत नाही.

पदवी तिने पूर्ण करावीच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शनासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण पदवी लागते, आणि मुदत ठेव खरी तिथे उपयोगी पडेल. मुंबईत १९९० पासून भरणाऱ्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात माहितीपट पाहायला तिला अवश्य पाठवावे. उत्पन्न सुरुवातीला अनियमित असते. संस्थांसाठी माहितीपट, कार्यक्रमांचे चित्रण, एडिटिंग यांवर पहिली वर्षे निघतात. ध्वनिमुद्रण नीट येणाऱ्याला कामाची चणचण कमी भासते, असे माझ्या पाहण्यात आहे.

कॅमेरा भाड्याने आणण्याआधी आपण दोघांनी वाड्यावर एक संध्याकाळ रिकाम्या हाताने जाऊन यावे. काय टिपायचे, काय नाही आणि बायाबापड्यांची हरकत कशाला आहे, हे तिथल्या वडीलधाऱ्यांशी बोलून घ्यावे. त्यांनी होकार दिला, की मगच भाड्याचे दोन दिवस ठरवावेत.

आपला,
करिअर मार्गदर्शक