कॅम्पर गाडीच्या छतावरच्या एसीतून पाणी गळतंय? आधी हे बघा

सीलंटची नळी आत्ता बाजूला ठेवा. पाणी नेमकं कधी गळतं, ते आधी बघा. पाऊस नसताना, फक्त एसी चालू असताना गळत असेल तर ते गारव्यामुळे साचलेलं पाणी आहे. हे पाणी ज्यात जमतं त्या एसीच्या ट्रेची निचऱ्याची भोकं धूळ-पाल्याने तुंबली असतील, ती साफ करा. गाडी सपाट जागी उभी आहे ना, तेही बघा.

एसी बंद असूनही पावसात गळत असेल तर संशय गॅस्केटवर. एसीसाठीचं छताचं भोक बहुधा १४ बाय १४ इंचांचं असतं आणि त्याच्या कडेने, एसी आणि छताच्या मध्ये, पाणी अडवणारं फोमचं गॅस्केट बसवलेलं असतं. गाडीच्या हादऱ्यांनी एसी छताला आवळून धरणारे बोल्ट सैल होतात. आतलं झाकण काढा, चारही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. गॅस्केट दबून साधारण अर्धा इंच जाडीचं झालं की थांबा. जास्त आवळलंत तर छतच वाकतं आणि त्या खळग्यात पाणी साचतं. गॅस्केट चपटं, कडक झालं असेल तर सरळ नवीनच घाला.

एसीच्या बाहेरून चारी कडांना सिलिकॉन मात्र अजिबात लावू नका! ट्रेमधलं पाणी तिथूनच छतावर वाहून जातं. ती वाट बंद केलीत की ते आतच उतरणार.