समोर न दिसणारी पोरं

नागपूर

प्रिय बेटा,

अंगणवाडी सेविका म्हणून तुझ्या नेमणुकीची ऑर्डर आल्याचं कळलं. संत्रा बर्फीही पोचली. शुगरकडे न बघता दोन तुकडे खाल्ले.

पहिल्या महिन्यात काय करू, असं विचारलंस. रजिस्टरं, मोबाईलवरचं पोषण ट्रॅकर ॲप, वजनं हे सगळं तुझ्या मुख्य सेविका शिकवतीलच. मी एकच सांगते. अंगणवाडीत तुझ्यासमोर बसतील ती तीन ते सहा वर्षांची पोरं. त्यांच्या खालची तुला दिसणारच नाहीत. त्यांच्या घरचं कोणीतरी येईल, मोबाईलसमोर चेहरा दाखवील, टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं पाकीट घेईल, की झालं. आणि मेंदू झपाट्याने वाढतो तो नेमका याच वयात. तेव्हा त्यांच्या घरी जा. आणि सकाळी अकराला नको, संध्याकाळी जा.

माझं पहिलंच वर्ष होतं. कळमन्याकडची वस्ती, नऊ महिन्यांची एक पोरगी. दोन महिने वजन जागचं हलत नव्हतं. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी लावली तर पिवळ्यात, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरच्या आत, कुपोषणात. आई मिरचीचे देठ खुडायला जायची. एका संध्याकाळी मी त्यांच्या दारात असतानाच ती कामावरून आली. पोरगी रडून हात पसरतेय आणि ही बाई तिला न घेता सरळ मोरीत जाऊन बसली. मी ताडकन बोलले, "अवं, लेकराले जवळ त घे!" तिने नुसती बोटं माझ्यापुढे धरली. लाल, फुगलेली, नखांच्या कडा सोललेल्या. "मॅडम, काल असंच घेतलं होतं. तिच्या डोयाले हात लागला. रातभर रडली."

तेल चोळून, दोनदा साबण लावून झाल्यावरच तिने पोरीला पदराखाली घेतलं. माझी मान वर होईना.

मग कळलं, दिवसभर पोरगी आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते आणि बहीण तिला चहात बुडवून बिस्कीट भरवते. आईला सांगायचे सल्ले मी पाठ करून गेले होते, बाळ सांभाळणारी मात्र भलतीच निघाली. दुसऱ्या दिवसापासून त्या बहिणीला घेऊन बसले. वरणभात कसा कुस्करायचा, वर चमचाभर तेल का घालायचं, घास देताना बाळाशी काय बोलायचं. पट्टी हिरव्यात यायला चार महिने लागले. पण त्या बहिणीची शाळा सुटली होती, आणि ते लिहायला माझ्या एकाही रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. ते अजून खुपतं.

खेळणी नेऊ नको. तू गेलीस की ती फळीवर चढतात. घरातलाच डबा, झाकण, दोन चमचे दे. आई मेथी निवडत असेल तर एक काडी बाळाच्या हातात दे आणि दोघींना बोलू दे. घरात छत्तीसगढी बोलत असतील, गोंडी बोलत असतील, तर त्याच भाषेत. "मराठीत बोला, शाळेत कामी येईल" असं चुकूनही म्हणू नको. आई तुटक मराठीत चार शब्द बोलेल आणि गप्प होईल.

उन्हाळ्यात पारा ४५ला टेकला की आज्या दोन महिन्यांच्या बाळालाही पाणी पाजतात. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचं दूधच पुरतं. पाणी लागतं ते आईला. आजीशी वाद घालू नको, सुनेला माठातलं पाणी द्यायचं काम तिच्याकडेच सोपव. मानाचं काम मिळालं की आजी तुझ्या बाजूची.

आणि सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या विदर्भात तो पुष्कळ आहे. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाचे तळहात-पावलं सुजली आणि हात लावू देत नसेल, तर "मुरगळलं असेल" म्हणून मालिशवालीकडे नेऊ देऊ नको. त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठव, रक्त तपासायला सांग.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी पोरं शाळेत येईनात म्हणून शाळाच पाड्यावर नेली, हे तुला ट्रेनिंगमध्ये सांगतील. परीक्षेपुरतं पाठ करून सोडू नको. मानधन उशिरा येतं, हेही आत्ताच सांगून ठेवते. किराणावाल्याशी गोडीत राहा.

शनिवारी ये. माझी दंडाची जुनी पट्टी काढून ठेवलीय. आकडे पुसट झालेत, रंग नीट दिसतात. येताना बर्फी आणू नको.

तुझी,
मावशी